आईच्या दुधाची घोडी

मेलोलो, ६ एप्रिल १९८९

विहीणबाई रंबू दांगा यांना,

पानसुपारीची टोपली तुमच्याकडे सरकवली आहे असं समजा. चुना जरा जास्त लावा, लेव्याच्या गारठ्यात बरा. तोंड रंगलं की पुढे वाचा.

कामाचं आधी सांगते. आपल्या इंतानच्या लग्नात तुमच्या माणसांनी घोडे दिले, त्यातली तपकिरी घोडी केमिरी 'आईच्या दुधाची' म्हणून माझ्या हाती दिली होती. बाकीचे घोडे दिरांकडे, भाच्यांकडे कधीच पांगले. केमिरी मात्र माझी, कारण दूध मी पाजलं होतं, दिरांनी नाही. ती गाभण असल्याचं मागे कळवलंच होतं. आता तिचे दिवस उलटून गेलेत आणि व्यायचं नाव नाही. पोट इतकं खाली आलंय की बघणाऱ्यालाच धाप लागते. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, आम्हाला सूत, रंग आणि मासे कळतात. इंतानच्या बाबांना विचारलं तर म्हणतात, "होईल." गळक्या छपरालाही ते दोन वर्षं "होईल"च म्हणताहेत. तुमचा जन्म घोड्यांत गेला, म्हणून तुम्हाला विचारते.

आता दुसरं. इंतानला सातवा लागला ना? गेल्या खेपेला ती इथे आली, माझ्या निळीच्या रांजणांजवळून फिरली आणि परत गेल्यावर तिचं पोटातलं मूल गेलं. तेव्हापासून तुमचा नियम झाला की मूल मांडीवर येईपर्यंत निळा हात लेव्याचा उंबरा ओलांडणार नाही. मी भांडत नाही. आमच्या म्हाताऱ्याही तेच सांगायच्या, नीळ आणि बाळंतपण यांची गाठ पडू द्यायची नाही. पण मला तिच्याजवळ असायचं आहे हो. एकच मुलगी आहे मला. राखेने आणि लिंबाने रोज हात घासते. कातडी निघते, नखांतली नीळ निघत नाही.

सुकी मासळी पाठवली आहे. ट्रकवाला वाटेत खातो, तेव्हा मोजून घ्या.

तुमची,
रंबू पाकी


लेवा, १३ एप्रिल

रंबू पाकी यांना,

पान खाल्लं, मासळी मिळाली. थोडी ट्रकवाल्याने खाल्ली असणार, कारण तो मला बघून उगाचच हसत होता.

घोडीची काळजी सोडा. तुम्ही दिवस कुठून मोजता? घोडा कुंपण मोडून आला त्या दिवसापासून, हो ना? आणि त्यानंतर तो पाहुणचार घेऊन सभ्यपणे घरी गेला असं तुम्हाला वाटतं. अहो, तो पावसाळाभर नदीकाठी होता, हे तुम्हीच मला तेव्हा लिहिलं होतंत. पहिल्या खेपेला तिने गर्भ धरलाच नसेल. शिवाय घोडी म्हणजे म्हैस नव्हे. एखादी अकरा महिन्यांत मोकळी होते, एखादी वर्ष ओलांडते, आणि शिंगरू धडधाकट निघतं. ती चरते का? पाणी पिते का? मग तिला राहू द्या. काही पाजू नका, पोट चोळू नका, आणि सगळ्या गावाने तिच्याभोवती बसू नका. माणसं टक लावून बसली की घोडी कळा धरून ठेवते.

आचळांच्या टोकाशी मेणासारखे थेंब दिसू लागले की समजा वेळ आली. तेव्हा मला लिहा.

इंतान बरी आहे. खाते भरपूर, ऐकते थोडं. तुमच्यावरच गेली आहे.

नियमाबद्दल. पाकी, मी तुमच्यावर राग धरून नाही. पण त्या वेळी मी त्या मुलीला दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली पाहिली आहे. पुन्हा बघायची हिंमत माझ्यात नाही. मूल झालं की त्याच दिवशी ट्रक पाठवते. तोवर नाही.

रंबू दांगा


मेलोलो, २१ एप्रिल

विहीणबाई,

घोडी चरते, पिते आणि माझ्याकडे असं बघते की जणू उशीर मीच केला आहे.

गाव मात्र शांत नाही. इथल्या बायकांनी ठरवलं की केमिरी अडली ती माझ्या गाठींमुळे. घरात कोणी बाळंत व्हायची असेल तर सगळ्या गाठी सोडायच्या, झाकणं उघडायची, हे खरंच. पण माझं घर म्हणजे गाठींचंच घर. रंगवायच्या आधी सुतावर नक्षी बांधायची तर गाठीच माराव्या लागतात. आत्ता चौकटीवर ताणलेल्या सुतावर सहा महिन्यांच्या गाठी आहेत, आणि ते कापड कोणासाठी आहे हे तुम्हाला सांगायला नको. माझी जाऊ लोदा सुरी घेऊनच आली. म्हणाली, "ताई, सोड सगळ्या. जीव मोठा की कापड?" मी म्हटलं, "घोडीला माझी नक्षी वाचता येते का?" ती म्हणाली, "मारापूंना येते." आता पूर्वजांना मध्ये आणल्यावर मी काय बोलणार? शेवटी तडजोड केली. घरातल्या बाकी सगळ्या गाठी सोडल्या, पडद्यांच्या, पोत्यांच्या, डुकराच्या दाव्याची सुद्धा. डुक्कर अजून सापडलेलं नाही.

आज सकाळी आचळांवर मेणाचे थेंब दिसले. म्हणून घाईने लिहिते. इथले सगळे पुरुष पुढच्या आठवड्यात वरच्या गावच्या वारलेल्या म्हाताऱ्या मालकाच्या थडग्याचा दगड ओढायला जाणार आहेत. घरात मी आणि लोदा. अडलीच तर काय करायचं ते नीट लिहा, मी सूत धरावं तसं धरून ठेवीन.

पाकी


लेवा, २६ एप्रिल

पाकी,

ट्रक उभा आहे, ड्रायव्हर कॉफी पितोय, तेवढ्यात लिहिते. इंतानला हे पत्र दाखवलं नाही.

आतापर्यंत मी थांबा म्हणत होते. आता उलटं सांगते. पाणमोट फुटली की घोडीच्या बाबतीत थांबायचं नसतं. गाय दिवसभर कळा देईल, घोडी नाही. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात शिंगरू बाहेर पडलं पाहिजे. पडलं नाही तर ते जातं, आणि कधीकधी आईही.

आधी पांढरट पडदा दिसेल. तो लाल मखमलीसारखा दिसला तर विचार न करता फाडा. मग दोन पुढचे पाय, एक जरा पुढे, एक मागे, आणि त्यांवर टेकलेलं नाक. असं दिसलं तर हात पाठीमागे बांधून बसा आणि तिचं तिला करू द्या. पण एकच पाय आणि नाक दिसलं, तर दुसरा गुडघ्यात मुडपला आहे. ओढू नका. ओढाल तर दोघांनाही माराल. घोडीला उठवून चालवा, म्हणजे ती जोर कमी करते. हात साबणाने धुवा, कोपरापर्यंत खोबरेल लावा. कळ थांबली की शिंगराला आत ढकला. हो, आत. जागा केल्याशिवाय पाय वळत नाही. मग खूर तळव्यात झाकून धरा, नाहीतर तो पिशवी फाडेल, आणि हळूच वर, पुढे आणा. दोन्ही पाय आले की तिच्या कळेबरोबर खाली ओढा, तिच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने. नाळ आपोआप तुटू द्या. वार ओढू नका.

हे काम लहान हातांचं. माझे यजमान घोड्यांचे मोठे जाणकार, पण हात सुपाएवढे. म्हणून मलाच पुढे ढकलायचे आणि नंतर लोकांत मिशीला पीळ भरायचे.

आता नीट ऐका. हात तुम्ही घालायचा नाही. लोदाला घालू द्या, शेजारणीला घालू द्या. ती घोडी इंतानच्या दुधाची आहे. तिच्या पोटात निळा हात गेला तर इथे माझ्या सुनेच्या पोटाला लागेल असं मला वाटतं. वेडी म्हणा हवं तर. पण माझं एवढं ऐका.

दांगा


मेलोलो, ९ मे

विहीणबाई,

उशिराबद्दल रागावू नका. केमिरी मोकळी झाली. शिंगरू मादी आहे, तपकिरी, आईसारखीच नाकाने फुरफुरते. एक पाय मुडपलेला होता, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं. लोदाने हात घातला आणि सोडवलं. तुमचं पत्र त्याच्या आदल्याच दिवशी आलं होतं, नाहीतर आम्ही दोघींनी दोर लावून ओढलंच असतं. वार पडली, दूध आहे, शिंगरू अंगणात सगळ्यांच्या पायांत येतं.

डुक्करही सापडलं.

इंतान कशी आहे? पोटात दुखलं-खुपलं नाही ना मधल्या दिवसांत? सहज विचारते.

पाकी


लेवा, १७ मे

पाकी,

तुमचं पत्र इंतानला मोठ्याने वाचून दाखवलं. "आईची घोडी" म्हणून ती रडली, मग हसली, मग भात मागितला.

लोदाबाईंचं काय कौतुक करू? पहिल्यांदा हात घालून मुडपलेला पाय सोडवणं म्हणजे खायचं काम नाही. अशी बाई घरात असून तुम्ही कधी बोलला नाहीत. आता माझं एक मागणं आहे. इंतानचे दिवस भरत आले. इथली सुईण म्हातारी झाली, तिला दिसत नाही. दवाखाना वायंगापूत, आणि रस्ता तुम्हाला माहीत आहे. असे निवांत, नेमके हात मला इंतानच्या उशाशी हवे आहेत. तुम्हाला येता येत नाही, तर तुमच्या जागी लोदाबाईंना पाठवा. जूनच्या अखेरीस ट्रक पाठवते. मानाने आणीन, मानाने परत पोचवीन.

दांगा


मेलोलो, २४ मे

विहीणबाई,

आज टोपली सरकवायचं धाडस होत नाही. आधी वाचा, मग पान घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लोदाने हात घातला नाही. मी घातला.

त्या दुपारी पुरुष सगळे दगडाला गेलेले. मी गावाबाहेर रंगाच्या झोपडीत, कोपरापर्यंत रांजणात, चुना घालून नीळ ढवळत होते. लोदा धावत आली. केमिरी कुंपणाशी आडवी पडलेली, एक पाय आणि नाक बाहेर. बस्स. तुमचं पत्र मला पाठ झालं होतं. उठवली तिला, चालवली. लोदाने हात धुतले, तेल लावलं. पण लोदाचा हात तुम्ही पाहिलेला नाही. कणीस सोलताना तिच्या मुठीत कणीस दिसतच नाही. दोनदा प्रयत्न केला, बोटांच्या पुढे जाईना. केमिरी कळवळली आणि लोदा रडायला लागली, "ताई, मला नाही जमत, मला नाही जमत." शेजारणीकडे पळाली, तर शेजारीण दगड ओढणाऱ्यांना जेवण पोचवायला गेलेली.

मी हात धुतले. किती धुतले म्हणून सांगू? पाणी निळं जायचं थांबेना. दर चुळकाभर पाण्याबरोबर वाटे, तेवढ्यात शिंगरू गेलं. शेवटी तेल ओतलं आणि केमिरीच्या मागे उभी राहिले. तेव्हा मला तुमचं वाक्य आठवत होतं, इंतानच्या पोटाला लागेल हे. दांगाबाई, मी खरंच घाबरले होते. समोर एक मरत होती आणि पाठीमागे, डोंगरापलीकडे, माझी मुलगी. मी मोठ्याने म्हटलं, "इंतान, पोरी, मला माफ कर," आणि हात घातला.

आत ढकलायला मन घेत नव्हतं. बाहेर यायला धडपडणाऱ्या जिवाला कोण आत ढकलतं? पण ढकललं. गुडघा लागला, मग त्याखालचं हाड, मग खूर. ओला, मऊ, अजून जमीन न पाहिलेला. तळव्यात झाकून घेतला आणि वळवला. सुतावरची गाठ सोडवताना बोटं जशी आपोआप चालतात तशी चालली. लोदा पुढे केमिरीचं डोकं धरून पूर्वजांची नावं घेत होती, त्यांतली निम्मी तिच्या माहेरची. मग दोन्ही पाय आले, आणि पुढचं केमिरीनेच केलं.

शिंगराचा एक पाय खाली पांढरा आहे, मोज्यासारखा. तो निळा झाला होता. मी घासून काढायला गेले, तर त्याने मला लाथ मारली.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण दार कायमचंच बंद होईल अशी भीती वाटली. त्या दिवसापासून ट्रकचा आवाज आला की मी हातातलं टाकून रस्त्याकडे धावते, वर काही वाईट तर झालं नाही ना म्हणून. आणि आता तुम्ही लोदाला मागता. ती आनंदाने येईल. नवं लुगडं सुद्धा काढून ठेवलंय वेडीने. पण तिला यातलं काही येत नाही. माझ्या मुलीच्या बाळंतपणात मी खोट्या नावावर कोणाला उभी करणार नाही. तुम्ही दुसरी चांगली सुईण शोधा, लवकर शोधा. माझ्यासाठी दार उघडू नका, चालेल मला. पण तिच्याजवळ जाणती बाई असू द्या.

पाकी


लेवा, १ जून

पाकी,

पान खाल्लं. टोपली नव्हती, माझं मीच काढून खाल्लं.

मेलोलोहून येणारा ट्रकवाला फक्त मासळी खात नाही, बातम्याही खातो आणि इथे येऊन ओकतो. निळ्या पायाचं शिंगरू मला तुमच्या पत्राआधीच कळलं होतं. मग तुमचं पत्र आलं आणि त्यात लोदाबाई. मी मनात म्हटलं, अस्सं. म्हणून लोदाबाईंना मागितलं. बघू तरी, विहीणबाई काय करतात. तुम्ही त्यांना पाठवलं असतंत, तर ट्रकमधून उतरूही दिलं नसतं, आणि तुमचा उंबरा मी जन्मात चढले नसते. सांगून ठेवते.

पण खरं सांगू, तुमची परीक्षा घेता घेता झोप माझीच उडाली. ती दुपार मी आठवून पाहिली. दगड कधी ओढला ते ट्रकवाल्याला विचारून घेतलं. त्या दुपारी इंतान पेरूच्या झाडाखाली पाय पसरून भाजलेला मका खात होती आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी वाद घालत होती. तुम्ही तिथे तिची माफी मागत होता आणि ती इथे मीठ मागत होती. गेल्या खेपेचं मूल का गेलं, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मारापूंना माहीत असेल तर ते बोलत नाहीत. मला एवढंच कळतं की या हातांनी अडलेला जीव मोकळा केला. आणि दार बंद राहिलं तरी चालेल, पण मुलीजवळ जाणती बाई असू द्या, असं जी लिहिते, तिच्याहून जाणती मी कुठे शोधू?

या. येत्या शुक्रवारच्या ट्रकने या. गावाला काय सांगायचं ते मी सांगेन. नियम माझा होता, मोडायचा हक्कही माझाच. हात साबणाने धुवा, पण राखेने खरवडू नका. सोललेले हात घेऊन कोणाची सेवा करणार? लोदाबाईंनाही आणा असं म्हणाले असते, पण मग तुमचा रांजण कोण ढवळणार? त्यांना म्हणावं, नवं लुगडं नेसूनच ढवळा.

इथे मी आतापासूनच घरातल्या गाठी सोडायला घेतल्या आहेत. म्हशींच्याही सोडल्या. म्हशी शेजाऱ्याच्या भातात आहेत, आणि शेजारी माझ्या दारात.

दांगा

आई, मी इंतान. आत्ता वाचलं सगळं, आधीचीसुद्धा. सासूबाई मला काही सांगतच नव्हत्या. तू लवकर ये. हात निळेच असू देत, मला ते तसेच माहीत आहेत.


लेवा, ४ जुलै

लोदाबाई यांना,

आपली ओळख नाही, पण एका लबाडीत आपण दोघी पाहुण्या होतो, म्हणून हक्काने लिहिते.

काल दुपारी इंतानला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कळा रेंगाळल्या तेव्हा मी घाबरून पुढे सरसावले, हे करा, ते करा. तर तुमच्या ताई शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, ही घोडी नव्हे. हिला वेळ लागतो. हात पाठीमागे बांधून बसा." माझीच वाक्यं मला ऐकवली. मी बसले. करते काय?

नीळ नासून रांजण मेला असेल तर ताईंना इतक्यात कळवू नका. शिंगरू कसं आहे ते मात्र कळवा, इंतान रोज विचारते.

तुमच्या ताईंना परत कधी पाठवू, हे मला विचारू नका. कालपासून नात त्यांच्या मांडीवर आहे. तिने आजीचं निळं बोट मुठीत घट्ट धरलं आहे, आणि त्या म्हणतात, सोडवलं तर रडेल. तिची दुसरी आजी स्वच्छ धुतलेले हात घेऊन सकाळपासून समोर बसली आहे. माझी पाळी अजून आलेली नाही.

रंबू दांगा